विमा एजंट व्हायचं आहे: परीक्षा, कोड आणि त्यापुढचं (पुणे)

मीनल_धनकवडी
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वय ४४, शिक्षण बी. कॉम., राहायला धनकवडीत. सतरा वर्षं एका पतसंस्थेत कॅश काउंटरला होते. गेल्या वर्षी आमची शाखा बंद झाली, तेव्हापासून घरीच आहे. आता विमा एजंट व्हायचं ठरवलंय. आधी कारण सांगते, मग प्रश्न विचारते.

माझा मोठा भाऊ मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहायचा. ओळखीच्या एजंटकडून त्याने २५ लाखांची टर्म पॉलिसी (मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात अशी) घेतली. त्यानंतर चौदा महिन्यांनी तो हार्ट अटॅकने गेला. वय ४८. कंपनीने क्लेम नाकारला. पत्रात कारण होतं: मधुमेह असल्याचं प्रस्तावात सांगितलं नाही. वहिनीच्या हातात भरलेले दोन हप्ते तेवढे परत आले, ३४ हजार रुपये.

दादाने शुगर कधी कोणापासून लपवली नाही. पंगतीला बसला की खिशातली गोळ्यांची डबी काढून पानाशेजारी ठेवायचा. विचारलं असतं तर कोणालाही सांगितलं असतं. मी कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची प्रत मागवली. तब्येतीचे सगळे प्रश्न इंग्रजीत आणि प्रत्येकापुढे 'नो'च्या चौकटीत टिक. सगळ्या टिका एकाच उताराच्या, वरपासून खालपर्यंत एका दमात मारलेल्या. शेवटच्या तीन-चार तर चौकटीबाहेर गेल्यात. खाली दादाची मराठीत सही. आणि त्याच्याही खाली, 'मजकूर प्रस्तावकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला' अशा अर्थाच्या निवेदनाखाली त्या एजंटची सही.

तो कागद माझ्याकडे आठ महिने पडून आहे. रोज वाटतं की हे काम मला याच्यापेक्षा नीट करता येईल.

प्रश्न असे. लायसन्स नेमकं कुठून निघतं? स्वारगेटजवळ एका गृहस्थांनी "सहा हजार द्या, परीक्षेसकट लायसन्स काढून देतो" असं सांगितलंय, ते खरं मानावं का? परीक्षा मराठीतून देता येते का? आणि माझ्या वयात, मोटार-बंगला नको, पण घरखर्चाला हातभार लागेल एवढं यातून सुटतं का?

---

सायली_कोथरूड
सोमवार, रात्री १०.१५

मीनलताई, आधी त्या सहा हजारांचं. मुळीच देऊ नका. मी गेल्या वर्षीच यातून गेले आहे. पूर्वी इर्डा, म्हणजे विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, एजंटला लायसन्स द्यायची. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली, २०१६ पासून नवे नियम आले आणि आता विमा कंपनीच एजंटची नेमणूक करते. तुमच्या हातात येतं ते कंपनीचं नेमणूकपत्र, एजन्सी कोड आणि ओळखपत्र. बाहेरच्या कोणाला 'लायसन्स काढून' देताच येत नाही.

पात्रता एवढीच: वय १८ पूर्ण आणि दहावी पास. तुम्ही बी. कॉम. आहात, प्रश्नच नाही. आधी कंपनी ठरवायची. तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज (त्याला फॉर्म आय-ए म्हणतात), पॅन, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, फोटो आणि रद्द केलेला चेक द्यायचा. मग २५ तासांचं प्रशिक्षण, माझं ऑनलाइन होतं. ते झालं की परीक्षेचा नंबर लागतो. परीक्षेला आयसी-३८ म्हणतात. मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया तिचा अभ्यासक्रम बनवते.

परीक्षा मराठीतून देता येते. भाषा नाव नोंदवतानाच निवडायची असते, ते अधिकाऱ्याला दोनदा सांगा. माझ्या बॅचमधल्या एका काकूंच्या बाबतीत अधिकाऱ्याने न विचारता इंग्रजी टाकून दिलं होतं.

पास झाल्याचं प्रमाणपत्र १२ महिने चालतं. तेवढ्या काळात नेमणूक झाली पाहिजे, नाहीतर पुन्हा परीक्षा.

---

हडपसरचा_योगेश
सोमवार, रात्री ११.०५

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. इर्डाच्या एजन्सी पोर्टलवर पॅन टाकून बघता येतं की तुमच्या नावावर आधीच कुठला कोड आहे का. पतसंस्थेत होतात म्हणून सांगतोय. बँका-पतसंस्थांत टार्गेटसाठी कर्मचाऱ्यांच्या नावाने कोड काढून ठेवलेले मी पाहिलेत. माणसाला माहीतही नसतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझं पीयूसीचं दुकान आहे. २०१८ ला एका जनरल विमा कंपनीचा कोड घेतला, गाड्यांच्या विम्यासाठी. पुढे दुसरीकडे जायचं ठरवलं. नियम असा की जुन्या कंपनीला नेमणूकपत्र परत करायचं, त्यांनी काम सोडल्याचा, आय-सी नावाचा दाखला द्यायचा, त्या दाखल्यानंतर ९० दिवस थांबायचं आणि मग दुसऱ्या कंपनीत नेमणूक. दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. मला "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" करत चार महिने घातले त्यांनी. सगळं तोंडी चाललं होतं, ही माझी चूक. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, त्यानंतर नवव्या दिवशी दाखला आला.

आणखी एक वाट आहे, पॉस्प (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन), म्हणजे साध्या पॉलिसी विकणारा. प्रशिक्षण १५ तासांचं आणि तयार साच्यातल्या पॉलिसीच विकता येतात. ब्रोकरमार्फत केलं तर बऱ्याच कंपन्यांच्या देता येतात. स्कूटर, रिक्षा, टेंपोसाठी हे माझ्या कामाचं आहे. पण तुमचं मन आयुर्विम्याकडे दिसतंय, त्याला पूर्ण एजंट होणंच बरं.

---

बापूकाका
मंगळवार, सकाळी ७.२०

मीनलताई, मी सदाशिव पेठेत राहतो, आयुर्विम्याच्या धंद्यात १९९३ पासून आहे. तुमची परीक्षा होईल, त्याची काळजी नको. मी आज लिहायला बसलोय ते तुमच्या वहिनींसाठी.

कंपनीचं नकाराचं पत्र येऊन किती दिवस झाले? एक वर्ष व्हायच्या आत असाल तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की लोकपालांकडे अर्ज. फी नाही. वकील चालत नाही, वहिनींनी स्वतः बोलायचं. ५० लाखांपर्यंतचे निवाडे त्यांच्या अधिकारात आहेत.

मिळेलच असं मी म्हणणार नाही. पहिल्या तीन वर्षांत कंपनीला विमा कायद्याच्या कलम ४५ खाली पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येतो आणि फॉर्मवर दादांची सही आहे. पण समजावून सांगितल्याचं निवेदन ज्याने सही करून दिलं, त्याने खरंच समजावलं का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गोळ्यांची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, ती फॉर्मची प्रत, सगळं तारखेच्या क्रमाने लावून घ्या. कागद घरात ठेवून दिवस घालवू नका.

---

मीनल_धनकवडी
मंगळवार, दुपारी १.३०

काका, नकाराचं पत्र साडेआठ महिन्यांपूर्वीचं आहे. आम्हाला वाटलं होतं कोर्टातच जावं लागेल, आणि त्याला पैसे नाहीत म्हणून वहिनी गप्प बसली. आज संध्याकाळीच तिच्याकडे जाते.

योगेशदादा, पॅन तपासला. माझ्या नावावर काही नाही. पण माझ्याबरोबर काउंटरला असणाऱ्या मैत्रिणीच्या पॅनवर कोड निघाला! तिला पत्ताच नव्हता. ती आता लेखी अर्ज देणार आहे.

---

पराग_बिबवेवाडी
मंगळवार, रात्री ८.५०

धाग्यावर सगळं छान छान चाललंय, मला खरं सांगू द्या. मी २०१९ ते २०२२ एजंट होतो, सोडलं. पहिली सात-आठ माणसं घरची आणि मित्र. नंतर बाहेरच्याकडे गेलं की पहिला प्रश्न: "पहिल्या हप्त्यातलं किती सोडणार?" तुम्ही नाही म्हणालात तर तो गल्लीतल्या दुसऱ्याकडे जातो. मी समजा २० हजारांच्या हप्त्याची पॉलिसी दिली आणि मला ५ हजार कमिशन बसलं, तर त्यातले चार त्यालाच द्यावे लागायचे. वर पेट्रोल माझं. पतसंस्थेत पगार घेतलेल्या बाईंना हे झेपेल का, याचा त्यांनी विचार करावा. वाईट हेतूने लिहीत नाहीये.

---

सायली_कोथरूड
मंगळवार, रात्री ९.२५

परागदादा, विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे रिबेट, म्हणजे कमिशनमधून अशी सूट देणं, बेकायदा आहे आणि घेणंही. १० लाखांपर्यंत दंड आहे. आम्हाला प्रशिक्षणात हे पहिल्याच दिवशी शिकवलं.

---

पराग_बिबवेवाडी
मंगळवार, रात्री ९.४०

कायदा मलाही माहीत आहे सायली. मी बाजार सांगतोय.

---

बापूकाका
बुधवार, सकाळी ७.०५

पराग, तू म्हणतोस तो बाजार खरा आहे. मीही पहिली दोन-तीन वर्षं रिबेट दिलं, आणि ते चुकलं. मग बंद का केलं ते सांगतो.

१९९६ ला शुक्रवार पेठेतले एक गिऱ्हाईक वारले. पॉलिसी दुसऱ्या एजंटची होती, त्याने पहिल्या वर्षाचं सगळं कमिशन त्यांना देऊन टाकलेलं. तो नंतर त्या घरात फिरकला नाही. कशाला फिरकेल? त्याचं त्या घरात काही शिल्लकच नव्हतं. माणूस गेल्यावर बाई पॉलिसीचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या, कारण मी समोरच्या वाड्यात यायचो-जायचो. कागद बघितला तर नॉमिनी म्हणून आईचं नाव. पॉलिसी लग्नाआधीची, लग्नानंतर कोणी बदललंच नव्हतं. सासूबाई भल्या होत्या, त्यांनी सही करून सगळे पैसे सुनेला दिले. सगळ्या घरांत असं होत नाही. आणि आता तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांतला कोणी नॉमिनी असेल तर त्या रकमेवर हक्कही त्याचाच होतो. म्हणजे चुकीचं नाव राहिलं तर पूर्वीपेक्षा जास्त महाग पडतं.

त्या दिवसापासून मी दरवर्षी दिवाळीच्या आधी प्रत्येक घरी जातो आणि तीनच गोष्टी विचारतो. नॉमिनी तोच आहे का, बँक खातं तेच आहे का, घरात कोणाचं लग्न झालं का. लग्न झालं की मुलीचं नाव बदलतं. पॉलिसीवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि क्लेमच्या वेळी दोन्ही एकाच बाईची नावं आहेत हे सिद्ध करत बसायचं. हे फिरणं नूतनीकरणाच्या, म्हणजे पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवरच्या कमिशनवर चालतं. पहिल्या वर्षाचं वाटून टाकणाऱ्याकडे पुढच्या वीस वर्षांचा धीर राहत नाही.

जे रिबेटसाठी गेले ते गेले. रिबेट बंद केलं त्या वर्षी माझा धंदा निम्म्यावर आला होता, हेही लिहून ठेवतो. पूर्वपदावर यायला तीन वर्षं लागली. मीनलताई, तेवढी तीन वर्षं घर चालेल अशी दुसरी सोय आहे का, हे आधी बघा.

---

मीनल_धनकवडी
बुधवार, रात्री १०.००

मिस्टर खासगी नोकरीत आहेत, हप्ते वगैरे चालू आहेत पण चालतंय. तीन वर्षांचा हिशेब मी वहीत मांडला. सकाळी सोसायटीतल्या दोन मुलांच्या शिकवण्या घेते, त्या सोडणार नाही.

परागभाऊ, तुमचं लिहिणं मला लागलं नाही. उलट कोणीतरी आकड्यात सांगितलं हे बरं झालं. दादाच्या एजंटनेही रिबेट दिलं होतं, हे मला काल वहिनीकडून कळलं. पहिल्या हप्त्यातले अडीच हजार त्याने परत दिले होते आणि घरात सगळे त्याला चांगला माणूस म्हणत होते.

---

अनुराधा_वि
गुरुवार, सकाळी ११.१०

धाग्यात मध्येच विचारते, क्षमस्व. माझे यजमान राज्य सरकारी नोकरीत आहेत, ऑफिस मध्यवर्ती इमारतीत. मी एजन्सी घेतली तर त्यांना काही अडचण? त्यांच्या ऑफिसमध्ये दीडशे माणसं आहेत, मला वाटलं सुरुवात तिथूनच करावी.

---

नारायणपेठकर
गुरुवार, दुपारी १२.४५

अनुराधाताई, मी आस्थापना शाखेतून निवृत्त झालो, म्हणून खात्रीने सांगतो. तुम्ही स्वतः एजंट व्हायला हरकत नाही. घरातलं माणूस व्यवसाय करतंय हे यजमानांनी कार्यालयाला लेखी कळवायचं. पण त्यांनी तुमच्यासाठी सहकाऱ्यांकडे शब्द टाकायचा नाही. १९७९ च्या वर्तणूक नियमांत हे स्पष्ट आहे: पत्नीच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या विमा एजन्सीसाठी सरकारी कर्मचाऱ्याने प्रचार केला तर तो नियमभंग धरतात. यजमानांच्या टेबलावर तुमची माहितीपत्रकं ठेवलेली दिसली तरी उद्या कोणी तक्रार करू शकतं. ते दीडशे जण सोडून द्या.

---

अनुराधा_वि
गुरुवार, दुपारी १.१५

मनापासून आभार. हे कोणीच सांगितलं नव्हतं. कंपनीतल्या अधिकाऱ्यांनी तर "यजमानांचं ऑफिस म्हणजे सोन्याची खाण" असं म्हटलं होतं.

---

सचिन_भोर
शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

एलआयसीची बीमा सखी योजना कोणी सांगितली नाही अजून. डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, फक्त महिलांसाठी, वय १८ ते ७०, दहावी पास. पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ५ हजार विद्यावेतन, कमिशन वेगळं. वर्षाला २४ पॉलिसींची अट आहे, आणि पुढच्या वर्षांचं विद्यावेतन आधीच्या पॉलिसी चालू राहण्यावर आहे. माझी बहीण भोरला करते. पहिली तीन वर्षं कठीण म्हणता ना काका, त्याला हाच आधार.

---

मीनल_धनकवडी
शुक्रवार, रात्री ९.१०

सचिनदादा, चौकशी केली होती. धाकटे दीर एलआयसीत नोकरीला आहेत, आणि कर्मचारी किंवा एजंटच्या जवळच्या नातेवाइकांना ही योजना नाही. पण अनुराधाताईंना उपयोग होईल.

मी एका खासगी आयुर्विमा कंपनीत अर्ज दिला. नियमाप्रमाणे आयुर्विम्याची एक, जनरलची एक आणि आरोग्य विम्याची एक अशा कंपन्या घेता येतात. आरोग्य विमा पुढच्या वर्षी. एकदम दोन्ही डोक्यावर नको.

प्रशिक्षण सुरू झालंय. सायली, परीक्षेला काय काय विचारतात ते जरा लिहिशील का? मराठी पुस्तकातले शब्द मला इंग्रजीपेक्षा अवघड जातायत.

---

सायली_कोथरूड
शनिवार, सकाळी १०.३०

ताई, शब्दांचा त्रास मलाही झाला. मी वहीत जोड्या केल्या: परम सद्भाव म्हणजे 'अटमोस्ट गुड फेथ' (महत्त्वाचं काही न दडवणं), विमायोग्य हित म्हणजे 'इन्शुरेबल इंटरेस्ट' (ज्याचा विमा, त्याच्या नुकसानीने आपलंही नुकसान होणं). आपण ज्या शब्दाने ओळखतो तो शेजारी लिहिला की मराठी वाक्य सुटतं.

५० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला ३५ टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. विमायोग्य हित केव्हा असायला हवं हा हमखास येणारा प्रश्न: आयुर्विम्यात पॉलिसी घेताना, आगीच्या विम्यात घेताना आणि नुकसान होतानाही, सागरी विम्यात नुकसान होताना. हप्त्याची सवलत मुदत (तारीख उलटल्यावर भरायला मिळणारे दिवस): मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकीच्यांना ३०. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा १८७४ चा कायदा नीट वाचा. नवऱ्याने त्याखाली बायको-मुलांच्या नावे पॉलिसी घेतली तर त्याच्या कर्जासाठी सावकाराला त्या रकमेला हात लावता येत नाही. परीक्षेपुरतं नाही, मला तर पुढे तीन दुकानदारांकडे हेच उपयोगी पडलं.

इतिहासात १८१८ ची कलकत्त्याची ओरिएंटल, १९३८ चा विमा कायदा, १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी. आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते, १९ जानेवारी १९५६ चा वटहुकूम. ही तारीख मी अशीच लक्षात ठेवली.

रस्त्यावरची जुनी गाईडं घेऊ नका. त्यांत फ्रीलूकचा, म्हणजे न पटलेली नवी पॉलिसी परत करायचा काळ १५ दिवस छापलाय, तो आता ३० दिवस आहे. आणि गिऱ्हाइकाशी बोलताना लक्षात ठेवा, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. आधी १८ टक्के होता, लोक अजून तोच धरून चालतात.

कोणीतरी तुम्हाला बालेवाडीच्या राष्ट्रीय विमा अकादमीत जायला सांगेल. मी गेले होते, फेरी फुकट. ती संस्था विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना शिकवते, व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवते. आपली परीक्षा तिथे नाही.

---

मीनल_धनकवडी
तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७.००

पास झाले. ५० पैकी ४१.

सकाळी स्वारगेटपर्यंत बस, पुढे मेट्रो. सेंटरवर माझ्या आजूबाजूला सगळी मुलं माझ्या लेकीच्या वयाची. चाळीस मिनिटांत संपलं, उरलेल्या वीस मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून बघितलं. एका प्रश्नाशी मात्र थांबले: "प्रस्तावकाने महत्त्वाची माहिती दडवली तर कोणत्या तत्त्वाचा भंग होतो?" उत्तर परम सद्भाव, मला येत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या तिरक्या टिका आल्या. दादाने दडवली नव्हती, त्याला विचारलंच नव्हतं. पर्यायांमध्ये तसं काही नव्हतं. बरोबर उत्तरावर क्लिक केलं आणि पुढे गेले.

वहिनीचा अर्ज लोकपालांकडे दाखल झाला. कंपनीच्या तक्रार विभागाने पुन्हा नकार कळवला, तो जोडला. दादाच्या डॉक्टरांनी सहा वर्षांचे पेपर काढून दिले, फॅमिली डॉक्टर आहेत, त्यांचेही डोळे भरून आले.

---

बापूकाका
रविवार, रात्री ८.१०

शाब्बास. आता नेमणूकपत्र हातात येईपर्यंत कोणाच्याही फॉर्मला हात लावायचा नाही. अधिकारी म्हणतील "तोपर्यंत माझ्या दुसऱ्या एजंटच्या कोडवर टाकू". नाही म्हणा. दुसऱ्याच्या कोडवर भरलेल्या फॉर्मखाली उद्या सही दुसऱ्याची असते आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे बघतं.

आणि एक. पुढे कोणी सांगेल की अमक्याची जुनी पॉलिसी मोडायला लावा आणि नवी द्या. एजंटच्या आचारसंहितेत जबरदस्तीने असं करायला मनाई आहे. जुनी पॉलिसी मोडताना त्या माणसाचं किती नुकसान होतं ते त्याच्यासमोर कागदावर मांडा, मग त्याचं तो ठरवेल.

---

पराग_बिबवेवाडी
रविवार, रात्री ९.००

अभिनंदन ताई. माझी स्वतःची टर्म अजून झालेली नाही, वय ३७, कर्ज आहे घराचं. तुमचा कोड आला की मला फोन करा. रिबेट मागणार नाही.

---

मीनल_धनकवडी
दीड महिन्याने, गुरुवार, रात्री १०.२०

उशिरा लिहितेय. कोड येऊन पाच आठवडे झाले. चार प्रस्ताव गेले, त्यातला एक परागभाऊंचा, तीन आठवड्यांत पॉलिसी आली. पहिल्या प्रस्तावाबद्दल मात्र लिहायचं आहे.

आमच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदारांना ३० लाखांची पॉलिसी हवी होती. मी मुद्दाम दुपारी तीनला गेले, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. फॉर्म टॅबवर भरायचा होता, पण मी प्रश्न एका कागदावर मराठीत लिहून नेले होते आणि एकेक वाचून विचारत होते. रक्तदाबाच्या प्रश्नाला ते थांबले. मशीनच्या मागे कप्प्यात गोळ्यांची पट्टी होती, ती मला दिसत होती. म्हणाले, "ताई, तेवढं नाही लिहा ना. हप्ता वाढेल." मी पेन खाली ठेवलं आणि दादाच्या फॉर्मची प्रत पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. दादाचं नाव झाकलं होतं. त्या टिका बघितल्या त्यांनी. मग स्वतःच पट्टी काढून दिली. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कोणत्या डॉक्टरांची, सगळं लिहिलं. त्यांच्या बायकोला शेजारी बसवून पुन्हा वाचून दाखवलं. सव्वा तास लागला.

मेडिकल झाली. कंपनीने हप्ता वाढवून कळवलं. दोन दिवस त्यांनी काहीच सांगितलं नाही आणि माझ्या पोटात गोळा. तिसऱ्या दिवशी पैसे भरले. आता कमिशनमधून कापलेला टीडीएस (आधीच कापलेला आयकर) आयकर खात्याच्या पोर्टलवर कसा बघायचा ते शिकतेय.

लोकपालांकडून वहिनीला सुनावणीची तारीख आली आहे, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. बोलायचं तिने आहे, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघी सराव करतो. पहिल्या दिवशी "माझे मिस्टर" एवढं म्हणून थांबायची. आता फॉर्मच्या निवेदनापर्यंत न अडखळता येते.

---

कात्रजची_वैशाली
शुक्रवार, सकाळी ८.४५

मीनलताई, पूर्ण धागा रात्री जागून वाचला. मी ३६ वर्षांची, दहावी पास, बचत गटात हिशेब बघते. गटातल्या अकरा बायकांपैकी एकीच्याही नावावर विमा नाही. मला जमेल का? मलाही एकाने लायसन्सचे पैसे सांगितलेत.

---

मीनल_धनकवडी
शुक्रवार, सकाळी ९.३०

वैशाली, दहावी पुरते. पैसे कोणालाही देऊ नकोस. मी कात्रजपासून लांब नाही. रविवारी चारला माझ्याकडे ये. पॅन, आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र आण. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असेल तर लग्नाचा दाखलाही घे. यायच्या आधी पोर्टलवर पॅन तपास आणि काय दिसतं ते इथेच लिही.